जर्मनीत भारतीय लायसन्स बदलून घेणे: कागद, दोन परीक्षा, खर्च आणि नेमकं कुठे अडतं

इझारकाठ

दर दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न कुठल्या तरी भलत्याच धाग्यात उगवतो आणि उत्तरांत निम्मी माहिती इंग्लंडची, पाव दुबईची निघते. म्हणून हा वेगळा धागा, फक्त जर्मनीचा आणि मुख्यतः चारचाकीचा.

आधी मूळ गोंधळ निस्तरू. भारतीय लायसन्सवर जर्मनीत सहा महिने गाडी चालवता येते. हे सहा महिने तुम्ही इथे राहायला आल्यापासून मोजतात. मधे गणपतीला घरी जाऊन आलात म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. आरटीओच्या इंटरनॅशनल परमिटवर एक वर्षाची मुदत छापलेली असते, ती पाहून पुष्कळजण बारा महिने निर्धास्त चालवतात. ते परमिट म्हणजे मूळ लायसन्सचा बहुभाषिक जोडकागद. त्याने इथली मुदत वाढत नाही, आणि मूळ कार्ड खिशात नसेल तर त्या कागदाला काही अर्थ नाही. एकूण मुक्कामच बारा महिन्यांच्या आतला आहे हे कंपनीच्या पत्राने दाखवता आलं, तर सहा महिने संपायच्या आत अर्ज करून मुदतवाढ मिळू शकते. कायम राहायला आलेल्यांनी तिचा विचार सोडून द्यावा.

सातव्या महिन्यात गाडी चालवणं म्हणजे पावती फाडून सुटण्यासारखं प्रकरण नव्हे. वाहतूक कायद्याच्या कलम २१ खाली तो फौजदारी गुन्हा आहे, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. जाणूनबुजून ज्याने गाडी हातात दिली, तो मालकही त्यात येतो. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याची भरपाई करते आणि मग ५००० युरोपर्यंत रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते.

आता दिलाशाची बाजू. सहा महिन्यांनी संपतो तो चालवण्याचा हक्क, बदलून घेण्याचा नाही. तीन वर्षं इथे राहून एकदाही स्टिअरिंगला हात न लावलेला माणूससुद्धा आज अर्ज करू शकतो. अट एवढीच की भारतीय लायसन्स मुदतीत असावं आणि ते जर्मनीत राहायला येण्याआधी काढलेलं असावं.

या बदलाला इथे उमश्राइबुंग म्हणतात. लायसन्स नियमावलीच्या ११ व्या परिशिष्टात जे देश आहेत (जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका वगैरे) त्यांची कार्डं विनापरीक्षा बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे आपल्याला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मग फायदा काय? सक्तीचं प्रशिक्षण माफ होतं. नव्याने लायसन्स काढणाऱ्याला नव्वद मिनिटांचे १४ लेखी वर्ग आणि १२ खास तास (५ गावाबाहेरच्या रस्त्यांचे, ४ आउटोबान म्हणजे द्रुतगती महामार्गाचे, ३ रात्रीचे) घ्यावेच लागतात. आपल्याला त्यांतलं एकही सक्तीचं नाही. काही ड्रायव्हिंग स्कूल हे खास तास 'घ्यावेच लागतील' म्हणून सांगतात. ते चूक आहे. त्यांना म्हणावं, लायसन्स नियमावलीचं कलम ३१ बघा.

अर्ज तुमच्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या फ्यूररशाइनश्टेलेकडे म्हणजे लायसन्स कार्यालयाकडे जातो. सोबत पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा बायोमेट्रिक फोटो, चष्म्याच्या दुकानातली नेत्रतपासणी (दोन वर्षं चालते), प्रथमोपचाराच्या वर्गाचं प्रमाणपत्र, मूळ लायसन्स, त्याचं जर्मन भाषांतर आणि कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमधून परीक्षा देणार त्याचं नाव. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. शाळा आधी ठरवावी लागते, कारण प्रात्यक्षिकाला शाळेची गाडी आणि शाळेचाच शिक्षक लागतो.

प्रथमोपचाराचा वर्ग पंचेचाळीस मिनिटांच्या ९ तासिकांचा, म्हणजे शनिवारचा पूर्ण दिवस. मोठ्या शहरांत इंग्रजीतही होतो. प्रमाणपत्राला मुदत नाही, त्यामुळे आल्या आल्या उरकून टाका.

---

मुळशीकर

उपयुक्त धागा. दोन शंका. आमच्या आरटीओचं कार्ड इंग्रजीतच आहे, मग भाषांतर कशाला? आणि डिजिलॉकरमधली प्रत चालते का?

---

इझारकाठ

डिजिलॉकर विसरा. काउंटरवरच्या बाईंना प्लास्टिकचं कार्ड हातात हवं असतं. कार्ड इंग्रजीत असलं तरी भाषांतर लागतं, कारण 'एलएमव्ही' (हलकी चारचाकी), 'एमसीडब्ल्यूजी' (गिअरची दुचाकी) म्हणजे काय, कुठला गट कुठल्या तारखेला मिळाला, हे सगळं त्यांना त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या वर्गवारीत वाचायचं असतं. एडीएसी हा वाहनधारकांचा क्लब किंवा न्यायालयात शपथ घेतलेला भाषांतरकार, दोन्ही चालतात. आपणच गूगलवरून केलेलं किंवा मित्राने सही केलेलं चालत नाही.

भाषांतरकाराला कार्डाच्या दोन्ही बाजू पाठवा. मागच्या बाजूला गटवार तारखा असतात, त्या राहिल्या की पुन्हा पैसे.

---

शिरगावकरीण

नावांचा घोळ यात अजून आला नाही, आणि आपल्याकडच्या अर्जांत सर्वांत जास्त अडतं ते तिथेच.

पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात 'पाटील' आणि नावाच्या रकान्यात 'सुजाता रमेश'. लायसन्सवर मात्र तिन्ही शब्द एका ओळीत, कधी आडनाव आधी, कधी मधलं नाव नुसत्या आद्याक्षरावर. जर्मन कारकुनाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घालायची आपली पद्धत माहीत नसते. त्याच्या दृष्टीने 'रमेश' हे सुजाताचं दुसरं नाव. तेवढ्यावर सहसा भागतं, कारण जन्मतारीख जुळते.

खरी अडचण लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्या बायकांची. लायसन्स कॉलेजात असताना काढलेलं, माहेरच्या नावाचं. पासपोर्टवर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली, क्वचित पहिलंसुद्धा. मग दोन कागद एकाच व्यक्तीचे कशावरून? इथे विवाह नोंदणीचा दाखला लागतो, तोही भाषांतरासह. दाखल्यावर माहेरचं पूर्ण नाव स्वच्छ लिहिलेलं आहे ना, ते आधी पाहा. प्रतिज्ञापत्रांची चळत इथे कामाला येत नाही.

भारतातून निघायला अजून वेळ असेल तर त्याहून सोपा उपाय आहे. आरटीओत लायसन्सवरचंच नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या.

---

तिसरा_गिअर

@शिरगावकरीण +१. त्याच सुरात आरटीओकडची बाकी कामं, म्हणजे निघण्याआधी करायची. इथून ती करताना जीव मेटाकुटीला येतो.

पहिलं म्हणजे तुमचं लायसन्स सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर दिसतं का ते तपासा. जुनी पुस्तिकेची किंवा कागदी लायसन्सं कित्येकदा संगणकात चढलेलीच नसतात. त्यासाठी 'बॅकलॉग एन्ट्री' करावी लागते आणि ती ज्या कार्यालयाने लायसन्स दिलं तिथेच होते. एमएच-१५ चं असेल तर नाशिक, एमएच-३१ चं असेल तर नागपूर. पुण्यात बसून नागपूरचं रजिस्टर कोणी उघडत नाही. बॅकलॉग झाल्यावर स्मार्टकार्ड मागून घ्या. पुस्तिका घेऊन जर्मन कार्यालयात गेलात तर ते नाही म्हणतीलच असं नाही, पण शंका घेतील, आणि शंका म्हणजे आठवडे.

दुसरं, मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं, तीस ते पन्नास या वयात काढलेलं दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमधलं साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच-पाच वर्षं. नूतनीकरण मुदत संपण्याआधी एक वर्षापासून करता येतं. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. इथली प्रक्रिया सहा-आठ महिने सहज खाते, तेव्हा मुदतीला निदान वर्षभर शिल्लक असू द्या.

तिसरं, आधारला जोडलेला भारतीय मोबाइल नंबर चालू ठेवा. फेसलेस म्हणजे आरटीओत न जाता ऑनलाइन मिळणाऱ्या सेवा ओटीपीवर चालतात. रिचार्ज न केल्यामुळे नंबर बंद पडला की सगळंच खोळंबतं. नवीन कार्ड टपालाने भारतातल्या पत्त्यावर येतं, तिथे ते घेणारं कोणीतरी हवं.

इंटरनॅशनल परमिटचा फॉर्म ४-ए, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. पहिल्या सहा महिन्यांत भाड्याची गाडी घ्यायची असेल तर घ्या. नसेल तर सरळ भाषांतरावर खर्च करा, तेच पुढे अर्जालाही लागतं.

---

अनुस्वार

एक प्रश्न. नवरा ब्लू कार्डवर (कुशल नोकरदारांचा राहण्याचा परवाना) दोन वर्षांपासून इथे, बायकोही सोबत. ती सुट्टीत पुण्याला गेली असताना लायसन्स काढून आली तर ते बदलून मिळेल का? शाळेवाला म्हणतो काही हरकत नाही.

---

इझारकाठ

मिळणार नाही, आणि शाळेवाल्याच्या बोलण्यावर जाऊ नका. लायसन्स काढलं तेव्हा नेहमीचं राहण्याचं ठिकाण जर्मनी असेल, तर ते परदेशी लायसन्स इथे ग्राह्यच धरत नाहीत. ढोबळ मोजपट्टी वर्षातल्या १८५ दिवसांची. पासपोर्टवरचे शिक्के आणि पत्त्याची नोंदणी लायसन्सच्या तारखेशी ताडून पाहतात. अशा कार्डावर सहा महिन्यांची सवलतही लागू नाही, म्हणजे पहिल्या दिवसापासून विनालायसन्स. त्यांनी इथे नव्यानेच काढावं.

आधी काढलेल्या लायसन्सचं राहत्या काळात नूतनीकरण केलं तर हरकत नाही. फक्त कार्डावर मूळ तारीख दिसली पाहिजे.

---

तिसरा_गिअर

त्या मूळ तारखेचा आणखी एक उपयोग आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. जर्मनीत नव्या चालकाला दोन वर्षांचा प्रोबेत्साइट म्हणजे परिवीक्षा काळ असतो. त्यात मोठी चूक केली तर तो चार वर्षांचा होतो, वर सक्तीचा वर्ग. परिवीक्षेत दारूची मर्यादाही शून्य, एरवी रक्तात ०.५ प्रति हजार. बदलून घेणाऱ्याच्या बाबतीत भारतातलं लायसन्स काढल्यापासूनचा काळ यात धरतात. म्हणजे भारतात दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर परिवीक्षा उरतच नाही. पण तारीख चुकीची वाचली गेली, म्हणजे नूतनीकरणाची तारीख मूळ म्हणून धरली, तर उगाच दोन वर्षं मानेवर बसतात. भाषांतरात ती तारीख ठळक आहे ना, पाहा.

---

काकू_हॅम्बुर्ग

लेखी परीक्षेबद्दल लिहिते.

टेऑरी म्हणजे ही लेखी परीक्षा ट्यूफ किंवा डेक्रा या तपासणी संस्थांच्या केंद्रात संगणकावर होते. जर्मनशिवाय इंग्रजी, फ्रेंच, तुर्की, अरबी अशा बारा भाषांत देता येते. हिंदी त्यांत नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. ३० प्रश्न, प्रत्येकाला २ ते ५ दोषगुण. एकूण १० दोषगुणांपर्यंत पास. मात्र पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच भरत असली तरी नापास. एका प्रश्नाची दोन किंवा तीन उत्तरंही बरोबर असू शकतात. त्यांतलं एक सुटलं तरी तो अख्खा प्रश्न चुकला.

एक हजारावर प्रश्नांचा साठा आहे आणि अधिकृत प्रश्न शब्दशः तेच येतात, म्हणून अ‍ॅप विकत घेऊन रोज पन्नास सोडवले तर तीन-चार आठवड्यांत तयारी होते. अनुभवी चालक इथेच आपटतो. 'वीस वर्षं गाडी चालवतोय, सामान्य ज्ञानावर निघेल' असं वाटतं, आणि मग ट्रेलरचं वजन, थांबण्याचं अंतर, ट्रामच्या थांब्यावर कोण आधी, असले प्रश्न येतात. अंतराचं सूत्र पाठच करा: वेग भागिले दहा, गुणिले तीन, हे प्रतिक्रियेचं अंतर मीटरमध्ये. वेग भागिले दहा, त्याचा वर्ग, हे ब्रेकचं अंतर. ताशी ५० ला १५ अधिक २५, म्हणजे ४० मीटर. ताशी १०० ला ३० अधिक १००. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. अचानक दाबलेल्या ब्रेकचं अंतर त्याच्या निम्मं धरतात.

इंग्रजी अनुवाद जरा अवघड वळणाचा आहे. जर्मन येत असेल तर जर्मनमध्येच द्या, वाक्यं लहान आहेत.

नापास झालात तर किमान दोन आठवडे थांबावं लागतं. पास झाल्यापासून १२ महिन्यांत प्रात्यक्षिक पास व्हावं लागतं, नाहीतर लेखी पुन्हा.

---

वऱ्हाडी_ठेचा

अन् प्रात्यक्षिक? तेच तर भ्याव वाटते. भारतात पंधरा वर्षं चालवली आहे, तरी इथले लोक दोन-दोनदा नापास होतात म्हणे.

---

इझारकाठ

@वऱ्हाडी_ठेचा, दोनदा नापास होणारे बहुतेक अनुभवीच असतात. गाडी त्यांना उत्तम येते. परीक्षक मात्र तुमचे हात कमी आणि डोळे जास्त पाहतो. विस्ताराने लिहितो, कारण पैसा खरा इथेच जातो.

स्वरूप असं: एकूण ५५ मिनिटं, त्यांत निदान ३० मिनिटं प्रत्यक्ष गाडी चालवणं. शिक्षक शेजारी, त्याच्या पायाशी दुहेरी पेडल. परीक्षक मागच्या सीटवर, हातात टॅब्लेट. शिक्षकाला धोका टाळायला पेडल दाबावं लागलं की परीक्षा संपली. भाषा जर्मनच. पण लागणारे शब्द पंचवीसच्या वर नाहीत: लिंक्स (डावीकडे), रेख्ट्स (उजवीकडे), गेराडेआउस (सरळ), आनहाल्टेन (थांबणे), वेंडेन (गाडी उलट फिरवणे), आइनपार्केन (पार्क करणे) आणि असेच काही. काहीच सांगितलं नाही तर रस्ता जाईल तसं सरळ. डावीकडे सांगितलं आणि चुकून उजवीकडे वळलात, पण वळण नियमाप्रमाणे घेतलंत, तर ती चूक नाही. घाबरून मधेच स्टिअरिंग फिरवलंत तर आहे.

शुल्टरब्लिक. लेन बदलताना, वळताना, कडेने निघताना आरसा आणि मग मान वळवून खांद्यावरून मागे पाहणं. उजवीकडे वळताना तर हमखास, कारण तुमच्या उजवीकडून सायकलमार्ग सरळ जातो आणि सायकलवाल्याचा हक्क आधी. आपल्याकडे मान वळवायची सवय नसते. मागचा माणूस हॉर्न देऊन स्वतःची हजेरी लावतो, त्यावर सगळं चालतं. इथे हॉर्न कोणी देत नाही, त्यामुळे मागे कोण आहे हे तुम्हालाच पाहावं लागतं. परीक्षकाला दिसेल एवढी मान वळवा. नुसती बुबुळं फिरवलेली मागून दिसत नाहीत.

रेख्ट्स फोर लिंक्स. ज्या चौकात फलक नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणारा आधी. मुख्य रस्ता कुठला वाटतो, कोणाचा रस्ता रुंद, याला काही किंमत नाही. ताशी ३० च्या वस्तीत असे चौक दर पन्नास मीटरवर येतात. प्रत्येक चौकाला पाय ब्रेकवर आणून उजवीकडे पाहिलेलं दिसलं पाहिजे, गल्ली रिकामी असली तरी. गंमत म्हणजे भारताच्या १९८९ च्या रस्ता-नियमांतही चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या असंच लिहिलेलं होतं. कोणी वाचलं असेल तर शपथ.

थांबा म्हणजे थांबा. स्टॉपच्या अष्टकोनी पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची धातूची पाटी असेल तर लाल दिव्यावर उजवीकडे जाता येतं, पण आधी पूर्ण थांबून. ही पाटी आणि सिग्नलमधला पेटणारा हिरवा बाण यांत गल्लत होते आणि तिथेच परीक्षा जाते.

हळू चालवणंही चूक. गावाबाहेर मर्यादा १०० ची आणि रस्ता मोकळा असताना ७० ने रखडलात, तर 'इतरांना अडथळा' म्हणून शेरा येतो. आउटोबानवर शिरताना वेग वाढवायची पट्टी असते, तिच्यावरच ८०-१०० गाठून मिसळायचं. पट्टीच्या टोकाला थांबून 'कोणी जाऊ देतंय का' बघणं हा सर्वांत घातक प्रकार. आपल्याकडच्या एक्स्प्रेसवेवर शिरताना जी सवय लागते, ती इथे उलटी पडते.

मग बारीकसारीक. धोक्याचे दिवे लुकलुकवत थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या बाजूने माणसाच्या चालीने जायचं, समोरून येणाऱ्यालासुद्धा हा नियम लागू. सायकलस्वाराला ओलांडताना गावात दीड मीटर, बाहेर दोन मीटर जागा. जागा नसेल तर मागे राहायचं, कितीही वेळ लागो. झेब्रावर माणूस चढण्याच्या बेतात असला तरी थांबायचं.

कसरतींत पाचांपैकी काही करायला लावतात: रस्त्याला समांतर पार्किंग, काटकोनात पार्किंग, मागे घेत उजव्या कोपऱ्यात वळवणं, गाडी उलट दिशेला फिरवणं आणि जोरात ब्रेक. सुरुवातीला गाडीची विचारपूस असते. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर, तेलाची काडी कुठे, धुक्याचा मागचा दिवा कधी लावायचा, असलं.

---

तिसरा_गिअर

त्यात शरीराच्या सवयींची भर घालतो, तासांचे पैसे तिथेच वाढतात.

स्टिअरिंग डावीकडे गेलं की गाडीचं अंग उजवीकडे पसरतं. नवखा माणूस लेनच्या मधोमध आहे असं समजून प्रत्यक्षात उजव्या कडेला घासत असतो, म्हणजे उभ्या गाड्यांचे आरसे धोक्यात. तुम्ही बसलाय तिथून मधली रेषा डाव्या गुडघ्याजवळ वाटली पाहिजे. इंडिकेटरची दांडी इथे डाव्या हाताला. मारुती-ह्युंदाईवर हात बसलेला असला की प्रत्येक वळणाला वायपर चालू होतो. तो हसण्याचा भाग, पण इंडिकेटर राहिला ही चूक नोंदली जाते. गिअर उजव्या हाताने, आणि घाईत हात दाराकडे जातो. डावीकडे वळल्यावर रिकाम्या रस्त्यावर चुकून डाव्या बाजूला जाणं ही सगळ्यात मोठी भीती. वळताना मनात म्हणायचं, 'माझ्या बाजूला मधली रेषा.'

समोरच्याने दिवे लुकलुकवले तर आपण समजतो 'मी येतोय, बाजूला हो.' इथे त्याचा अर्थ बहुधा 'जा तू आधी.' नियमाने दोन्ही चूक, पण गोंधळ टाळा.

ज्याला भारतात पाच-सात वर्षांचा खरा सराव आहे त्याला पंचेचाळीस मिनिटांचे आठ ते पंधरा तास लागतात. तीन तासांत परीक्षेला पाठवतो म्हणणारा शिक्षक आणि तीस तासांनंतरही 'अजून तयार नाही' म्हणणारा, दोघांपासून लांब राहा. दुसऱ्याला लेखी विचारा की नेमकं काय जमत नाही.

---

मुळशीकर

खर्चाचा एक ढोबळ आकडा मिळेल का? शाळांच्या दरपत्रकात निम्मे शब्द कळत नाहीत.

---

काकू_हॅम्बुर्ग

शहरागणिक फरक आहे, पण मधला अंदाज देते. अर्जाचे ४५ युरो धरा, प्रथमोपचार ५०, नेत्रतपासणी ७, भाषांतर ६०. शाळेचा ग्रुंडबेट्राग म्हणजे प्रवेशशुल्क ३००. लेखीचं केंद्राचं शुल्क सुमारे २५, प्रात्यक्षिकाचं सुमारे १३०. त्याशिवाय शाळा 'परीक्षेला हजर करण्याचे' वेगळे घेते, २०० च्या आसपास. ही ओळ दरपत्रकात शेवटी बारीक असते, आधी तीच वाचा. दहा तास प्रत्येकी ६५ ने ६५०. झाले १४६७ युरो. प्रात्यक्षिकात एकदा नापास झालात की १३० अधिक २०० पुन्हा, वर दोन-तीन तास. त्यामुळे प्रति तास दर पाच युरोंनी कमी आहे म्हणून शाळा निवडू नका. परीक्षेची तारीख किती आठवड्यांत मिळते आणि उमश्राइबुंगचे विद्यार्थी आधी केलेत का, हे दोन प्रश्न विचारा.

ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर कार्डावर ७८ हा संकेतांक बसतो आणि फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. १ एप्रिल २०२१ पासून १९७ चा पर्याय आहे: परीक्षा ऑटोमॅटिकवर, पण शाळेत किमान १० तास गिअरच्या गाडीवर आणि शाळेनेच घेतलेली किमान १५ मिनिटांची चाचणी, मग दोन्ही चालतात. भारतात गिअरची गाडी हाताखालून गेली असेल तर त्या दहा तासांच्या पैशांत थेट गिअरवरच परीक्षा द्यावी, असं माझं मत.

---

अनुस्वार

परीक्षा पास झाल्यावर भारतीय लायसन्स काढून घेतात हे खरं का? मग भारतात सुट्टीवर गेल्यावर काय?

---

इझारकाठ

खरं आहे. जर्मन कार्ड भारतीय कार्ड जमा केल्यावरच हातात मिळतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी परीक्षक जागेवर कार्ड देत नाही, कार्यालयात जाऊन अदलाबदल करावी लागते. भारतीय कार्ड ते सांभाळून ठेवू शकतात, आणि जर्मन कार्ड जमा करून ते परत मागता येतं. सबळ कारण असेल तर न घेण्याची मुभाही अधिकाऱ्याला नियमाने आहे, म्हणून नेमकं कारण लिहून अर्ज करा. तोंडी विनवणीला उत्तर नकारार्थीच येतं.

'हरवलं' म्हणून आरटीओतून आधीच दुसरी प्रत काढून ठेवायचा सल्ला काहीजण देतात. खोटं प्रतिज्ञापत्र आहे ते. मी देणार नाही.

---

शिरगावकरीण

अवांतर, पण संबंधित. नेदरलँड्सवरून जर्मनीत बदली होणाऱ्यांसाठी. तिथे परदेशातून आलेल्या नोकरदारांची ३० टक्क्यांची कर-सवलत असलेल्यांना भारतीय लायसन्स विनापरीक्षा बदलून मिळतं. मग वाटतं, आता युरोपीय कार्ड आहे, कुठेही चालेल. पण असं बदललेलं कार्ड मागच्या बाजूला ७० हा संकेतांक घेऊन येतं आणि मूळ देश ११ व्या परिशिष्टात नसल्यामुळे जर्मनीत राहायला आल्यावर ते कायमचं चालत नाही. फिरायला आलात तर प्रश्न नाही. राहायला आलात तर परीक्षांची तयारी ठेवा.

---

वऱ्हाडी_ठेचा

अन् बुलेटचं काय? लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी आहे.

---

तिसरा_गिअर

तो वेगळा गट, आ (A). अर्जातच दोन्ही गटांवर खूण करा, मागाहून जोडला तर शुल्क आणि आठवडे दोन्ही पुन्हा. दुचाकीचं प्रात्यक्षिक वेगळं, अंगावर पूर्ण संरक्षक कपडे, बूट, हातमोजे. मोठ्या दुचाकीला थेट प्रवेश २४ व्या वर्षापासून, त्याआधी आ-२ (A2). प्रात्यक्षिकात चालीच्या वेगाने सरळ रेषेत जाणं, शंकूंमधून नागमोडी, ५० च्या वेगातून जोरात ब्रेक. बुलेटवर वाढलेल्यांना सावकाश चालवणं जमतं. डाव्या-उजव्या खांद्यावरून पाहणं तिथेही विसरतात, आणि तिथे तर आरशात हेल्मेटच दिसतं.

चारचाकीचं बे (B) कार्ड मिळालं की ५० सीसी, ताशी ४५ ची स्कूटर त्यातच येते, तिला वेगळी परीक्षा नाही.